भोक पडले नाही, मत पडले का?

व्होटोमॅटिकला यंत्र म्हणणे म्हणजे त्याचा जरा जास्तच मान राखणे. ना वीज, ना चाके, ना कळा. एक उतरती चौकट, तिच्यात वरून सरकवायचे एक जाडसर कार्ड, वर उमेदवारांच्या नावांची पुस्तिका आणि साखळीला बांधलेली धातूची एक टोकदार काडी. कार्डावर आधीच अर्धवट कापून ठेवलेले ३१२ चिमुकले चौकोन असत. हव्या त्या उमेदवारासमोरच्या भोकात काडी दाबली की खालचा चौकोन सुटून पडायचा आणि कार्डाला भोक पडायचे. एसटीचा कंडक्टर जुन्या तिकिटाला पंच मारायचा, तसाच हा प्रकार. फक्त पंच मारणारा निवडणुकीपुरताच मारणार आणि तोही न बघता, कारण कार्ड पुस्तिकेखाली झाकलेले. बर्कलीचे प्राध्यापक जोसेफ हॅरिस यांनी १९६०च्या दशकात ही युक्ती काढली. स्वस्त, हलकी आणि मोजायला झटपट, म्हणून अमेरिकेतल्या मोठमोठ्या काउंट्यांनी ती उचलली आणि जवळजवळ चाळीस वर्षे वापरली.

सुटून पडणाऱ्या त्या कागदी तुकड्याला अमेरिकेत चॅड म्हणतात. तो नेहमीच सुटून पडत नसे. काडी नीट दाबली गेली नाही, कार्ड पूर्ण आत सरकले नाही, खालच्या रबराच्या पट्ट्या जुन्या होऊन कडक झाल्या किंवा आधीच्या मतदारांचे तुकडे तळाशी साचून राहिले, तर चॅड अर्धवटच निघायचा. एका कोपऱ्यावर लोंबकळणारा, दोन कोपऱ्यांवर झडपेसारखा हलणारा, तीन कोपरे धरून बसलेला, आणि शेवटी चारही कोपरे शाबूत पण मध्ये नुसता खळगा पडलेला. खळग्यातही दोन जाती होत्या: उजेडात धरल्यावर बारीकशी तिरीप दिसणारा आणि न दिसणारा. मते मोजणारे यंत्र भोकातून येणारा प्रकाश पाहते. लोंबकळणारा चॅड कार्ड वेगाने पळताना मिटला तर यंत्राच्या दृष्टीने मत नाही. दुसऱ्या फेरीत तो गळून पडला तर आहे. त्यामुळे एकच गठ्ठा दोनदा यंत्रातून काढला की दोन वेगळे आकडे यायचे. यंत्र पक्षपात करत नाही हे खरेच, पण ते तंतोतंत मोजते हा गैरसमज होता.

हे सगळे निवडणूक अधिकाऱ्यांना ठाऊक होते. फरक हजारोंचा असताना दहा-वीस चॅडची पर्वा कोण करतो?

७ नोव्हेंबर २००० रोजी फ्लोरिडात सुमारे ६० लाख मते पडली आणि पहिल्या मोजणीत जॉर्ज बुश हे अल गोर यांच्यापुढे १,७८४ मतांनी होते. फरक अर्ध्या टक्क्याहून कमी, म्हणून कायद्याने यंत्रांवर फेरमोजणी आपोआप झाली आणि फरक काही शेकड्यांवर आला. राज्याची २५ इलेक्टोरल मते ज्याला मिळतील तो राष्ट्राध्यक्ष होणार होता. गोर यांनी चार काउंट्यांत हाताने मोजणी मागितली: पाम बीच, ब्रॉवर्ड, मायामी-डेड आणि व्होलुशिया. चारही त्यांना अनुकूल. बुश यांच्या वकिलांनी हातमोजणीच नको म्हणून न्यायालये गाठली. दोघांच्याही तोंडी तत्त्वाची भाषा होती. हिशेब उघड होता.

मोजणीच्या टेबलावर प्रश्न आला तो असा: खळगा हे मत की नाही? फ्लोरिडाच्या कायद्यात उत्तर एका ओळीत होते. मतदाराच्या इच्छेचा स्पष्ट निर्देश मिळत असेल तर मत बाद ठरवू नये, आणि तसा निर्देश मिळतो का हे काउंटीच्या तीन सदस्यांच्या मोजणी मंडळाने ठरवावे. वाक्य सुंदर आहे, लोकशाहीला शोभणारे आहे, आणि टेबलावर बसलेल्या माणसाच्या उपयोगाचे फारसे नाही. स्पष्ट म्हणजे किती स्पष्ट? एक कोपरा? दोन? तिरीप? ब्रॉवर्डच्या मंडळातले न्यायाधीश रॉबर्ट रोझेनबर्ग भिंगातून डोळे विस्फारून कार्ड पाहत आहेत, हे छायाचित्र तेव्हा जगभर छापून आले आणि त्यावर लोक हसले. मला त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. कायद्याने त्या माणसाला ‘इच्छा शोध’ एवढेच सांगितले होते. ती कशात शोधायची, हे सांगितले नव्हते.

पाम बीचची कथा तर वकिलीच्या वर्गात शिकवावी अशी आहे. तिथल्या मंडळाकडे १९९० सालचा एक लेखी नियम होता: चारही कोपऱ्यांनी चिकटलेला चॅड मोजायचा नाही. मोजणी त्या नियमाने सुरू झाली. मग मंडळ उजेडाच्या नियमावर गेले, तिरीप दिसली तर मत. मग पुन्हा १९९०च्या नियमावर आले. मग ठाम नियमच सोडून दिला आणि अखेर न्यायालयाने आदेश दिला की खळगेही विचारात घ्या. म्हणजे एकाच खोलीत, त्याच लोकांनी, काही दिवसांच्या अंतराने मोजलेल्या दोन सारख्या कार्डांचे नशीब वेगळे. शेजारच्या ब्रॉवर्डने सैल हाताने मोजले आणि पाम बीचच्या जवळपास तिप्पट नवी मते शोधून काढली. लोकसंख्येतला फरक त्या मानाने काहीच नव्हता. मायामी-डेडमध्ये मंडळाचे तीन सदस्य तीन वेगळ्या फूटपट्ट्या लावत असल्याची साक्ष एका निरीक्षकाने न्यायालयात दिली. या सगळ्यात २६ नोव्हेंबरला राज्याच्या सचिव कॅथरीन हॅरिस यांनी बुश यांची ५३७ मतांची आघाडी अधिकृत केली. पाम बीचची मोजणी मुदत उलटून थोड्या वेळाने पूर्ण झाली आणि ती धरली गेली नाही.

८ डिसेंबरला फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी आदेश दिला की यंत्राला मत न सापडलेली सर्व कार्डे राज्यभर हाताने तपासा. निकष? तोच, मतदाराची स्पष्ट इच्छा. न्यायालयाने कोपरे मोजायला सांगितले नाही आणि उजेडाचेही नाव काढले नाही. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोजणी थांबवली आणि १२ डिसेंबरच्या रात्री निकाल दिला. सात न्यायमूर्तींना या मोजणीत घटनात्मक अडचण दिसली: एकाच राज्यातल्या दोन मतदारांच्या सारख्याच कार्डांना वेगळी वागणूक मिळत असेल तर कायद्यापुढील समानता कुठे राहिली? पण त्यावर उपाय काय, या मुद्द्यावर खंडपीठ ५ विरुद्ध ४ असे फुटले. पाच जणांनी वेळ संपली म्हणून मोजणीच संपवली. उरलेल्यांपैकी सूटर आणि ब्रेयर यांचे म्हणणे होते की राज्याला एकसारखा निकष ठरवून मोजू द्या, १८ डिसेंबरपर्यंत अवकाश आहे. शिवाय बहुमताने लिहून ठेवले की हा विचार याच प्रकरणापुरता आहे. समानतेचे तत्त्व सांगायचे आणि लगेच ते पुढे कुणी वापरू नये अशी तजवीज करायची, हे मला आजही न पटणारे आहे.

मात्र फ्लोरिडाच्या न्यायालयाने निकष मोघम का ठेवला, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. ते अडाणीपणाने झाले नव्हते. १८८७च्या संघराज्याच्या कायद्यानुसार, राज्याने मतदानाच्या दिवसाआधी केलेल्या नियमांनी वाद मिटवला तरच त्या निकालाला संसदेत संरक्षण मिळत होते. आता डिसेंबरमध्ये न्यायालयाने ‘दोन कोपरे सुटले तरच मत’ असे ठरवले असते, तर मतदानानंतर केलेला नवा कायदा म्हणून तोच आदेश मोडीत निघाला असता. म्हणून त्यांनी जुन्याच वाक्याचा आधार घेतला, आणि ते वाक्य मोघम आहे म्हणून आदेश गेला. निकष लिहावा तर उशीर, न लिहावा तर विषमता. या कोंडीतून सुटण्याची वाट डिसेंबरमध्ये नव्हतीच; ती सप्टेंबरमध्ये होती, किंवा १९९०मध्ये, जेव्हा कुणाला कोण पुढे आहे हे माहीत नव्हते.

इतर राज्यांना ही वाट सापडली नव्हती असे नाही. टेक्सासच्या निवडणूक कायद्यात हातमोजणीसाठी चॅडचे चक्क वर्गीकरण होते: किमान दोन कोपरे सुटलेले, भोकातून उजेड दिसणारे, किंवा काडीचा खळगा पडलेले पण मतदाराची इच्छा स्पष्ट दाखवणारे. आणि यांपैकी कशात न बसणारे कार्डही इतर प्रकारे इच्छा दाखवत असेल तर मत. या तरतुदींवर गव्हर्नर म्हणून सही होती जॉर्ज बुश यांची. फ्लोरिडात त्यांचेच वकील खळगे मोजू नका म्हणून भांडत होते. मॅसॅच्युसेट्समध्ये १९९६ साली डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत निवडणुकीत फिलिप जॉन्स्टन आधी जिंकलेले दिसत होते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने वादातली ९५६ कार्डे स्वतः पाहिली, खळग्यांना मत मानले आणि विल्यम डेलाहंट १०८ मतांनी विजयी झाले. न्यायालयाचा युक्तिवाद रोखठोक होता: चुरशीच्या लढतीला माणूस मतदान केंद्रापर्यंत येतो, नेमक्या एका नावासमोर खळगा पाडतो, आणि तरी त्याला मत द्यायचे नव्हते असे मानायचे का? खळग्याच्या विरोधात बोलणाऱ्यांचाही मुद्दा कमी वजनाचा नाही. काडी टेकवली आणि विचार बदलला, असेही होते. शिवाय मतदान कक्षातच सूचना लावलेली असे की कार्ड बाहेर काढल्यावर लोंबकळणारे तुकडे काढून टाका. मग सूचना हाच निकष का नको, असा प्रश्न न्यायमूर्ती सॅन्ड्रा डे ओकॉनर यांनी सुनावणीत वैतागून विचारला होता.

कडक आणि उदार या दोन टोकांमधला हा वाद कधी संपणार नाही, आणि माझ्या मते तो संपण्याची गरजही नाही. कडक नियमात काही खरी मते जातात, उदार नियमात काही नसलेली मते येतात. दोन्हीपैकी एक दोष पत्करावा लागतो. तो कुणाच्या वाट्याला येईल हे माहीत नसताना पत्करला तर तो नियम; माहीत झाल्यावर पत्करला तर ती चाल.

आठ वर्षांनी मिनेसोटात हे पुन्हा घडले आणि कसे निभावले गेले ते पाहण्यासारखे आहे. नोव्हेंबर २००८मध्ये सिनेटच्या एका जागेसाठी सुमारे २९ लाख मते पडली आणि नॉर्म कोलमन हे अल फ्रँकेन यांच्यापुढे होते २१५ मतांनी. इथे पंचकार्ड नव्हते. नावासमोरचे लंबवर्तुळ पेनाने भरायचे आणि कागद यंत्रात सरकवायचा. पण माणसे ती माणसेच. कुणी वर्तुळ भरण्याऐवजी त्यावर फुली मारली, कुणी बरोबरची खूण केली, कुणी नाव अधोरेखित केले, कुणी दोघांची वर्तुळे भरून एकावर काट मारली. राज्यभर हाताने फेरमोजणी झाली आणि दोन्ही बाजूंनी मिळून साडेसहा हजारांवर मतपत्रिकांवर आक्षेप घेतले. त्यातले बरेच नंतर मागे घेतले गेले. उरलेल्या तेराशेंवर मतपत्रिका पाच जणांच्या मंडळापुढे आल्या. राज्याचे सचिव, सर्वोच्च न्यायालयाचे दोन न्यायमूर्ती आणि जिल्हा न्यायालयाचे दोन न्यायाधीश. एकेक कागद पडद्यावर दाखवून, वकिलांचे ऐकून, सर्वांसमोर निर्णय. वृत्तपत्रांनी त्या मतपत्रिकांच्या प्रतिमा संकेतस्थळांवर टाकल्या आणि वाचकांना ‘तुम्ही काय ठरवले असते’ असे विचारले. लोकांनी घरबसल्या हजारो निवाडे दिले.

मंडळाच्या हातात फ्लोरिडासारखे एकच वाक्य नव्हते. मिनेसोटाच्या कायद्यात इच्छेचे तत्त्व आहेच, पण त्याखाली पोटनियम आहेत. खूण जागेवर नसली तरी नावाच्या इतकी जवळ असली की रोख कळतो, तर मोजा. दोन नावांवर खुणा असतील आणि एक खोडण्याचा प्रयत्न दिसत असेल, तर उरलेल्याला मत द्या. हाताने लिहिलेल्या नावाचे स्पेलिंग चुकले तरी माणूस कळत असेल तर चालवा. मतदाराने स्वतःची ओळख पटावी अशा हेतूने काही खूण केली असेल तर सबंध मतपत्रिका बाद. आणि सर्वांत मोलाचे: इच्छा फक्त मतपत्रिकेच्या दर्शनी बाजूवरून ठरवायची. म्हणजे मतदाराला बोलावून ‘बाबा, तुला काय म्हणायचे होते’ असे विचारता येत नाही, आणि त्या भागात कुठला पक्ष चालतो याचाही अंदाज बांधता येत नाही.

यातली एक मतपत्रिका प्रसिद्ध झाली. फ्रँकेनसमोरचे वर्तुळ व्यवस्थित भरलेले, आणि खाली आपल्या पसंतीचे नाव लिहायच्या रिकाम्या ओळीत लिहिलेले: ‘लिझर्ड पीपल’. पाली-सरड्यांची माणसे! इतर पदांसमोरही हेच. असा उमेदवार कुठे नाही, तेव्हा हे दुसरे मतच नव्हे, फ्रँकेनचे मत शाबूत आहे, असे एक म्हणणे. उलट, मतदार विनोद करत असेल, पण विनोद म्हणजे कोरी ओळ नव्हे, असे दुसरे. मंडळाने दोन मते समजून ती बाद केली. तुम्हाला पटो न पटो, कारण ठरलेल्या चौकटीतले होते. मंडळाचे बहुतेक निर्णय एकमताने झाले आणि कुणाच्या पक्षाचा रंग त्यात शोधणे अवघड गेले. पुढे चुकून नाकारलेली ९३३ टपाली मते उघडली गेली, खटला चालला, आणि ३० जून २००९ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने फ्रँकेन यांचा ३१२ मतांनी विजय कायम केला. सुमारे सहा महिने सिनेटमधली एक खुर्ची रिकामी राहिली हा तोटा खराच. पण ‘निवडणूक चोरली’ अशी ओरड तिथे फ्लोरिडासारखी रुजली नाही.

पोटनियम असले म्हणजे प्रत्येक कागद आपोआप उलगडतो असे मात्र नाही. व्हर्जिनियात डिसेंबर २०१७मध्ये विधानसभेच्या ९४व्या मतदारसंघात फेरमोजणीनंतर शेली सिमंड्स एका मताने जिंकल्या. दुसऱ्या दिवशी तीन न्यायाधीशांपुढे एक मतपत्रिका आली. तिच्यावर सिमंड्स आणि डेव्हिड यान्सी अशी दोन्ही वर्तुळे भरलेली, सिमंड्सच्या वर्तुळावर एक तिरपी रेघ. ती रेघ म्हणजे खोडणे की हात घसरला? त्याच कागदावर गव्हर्नरपदाच्या रिपब्लिकन उमेदवाराचे वर्तुळ भरून त्यावरही फुली होती, आणि बाकी सर्व मते यान्सींच्याच रिपब्लिकन पक्षाला. न्यायाधीशांनी मत यान्सींना दिले. ११,६०८ विरुद्ध ११,६०८. मग जानेवारीत एका चिनीमातीच्या भांड्यातून चिठ्ठी काढली, यान्सी निघाले, आणि सभागृहातले बहुमत त्यांच्या पक्षाकडे राहिले. संपूर्ण कागद वाचावा, हा नियम व्हर्जिनियात शहाणपणाचा म्हणून केला होता. पण गव्हर्नरच्या रकान्यातली फुली ज्याच्या हाताची होती त्याला तिच्यातून काय म्हणायचे होते, याचे उत्तर त्या कागदावर नव्हते.

आपल्याकडे १९६१च्या निवडणूक नियमांतला ५६वा नियम हे काम करतो, आणि ज्यांनी मतपत्रिकांच्या काळात मोजणी केंद्रावर प्रतिनिधी म्हणून रात्री काढल्या आहेत त्यांना तो पाठ असतो. ओळख पटवणारी खूण वा लिखाण असेल तर बाद. एकाहून अधिक उमेदवारांना मत असेल तर बाद. शिक्का असा दोन खणांच्या मधे की कुणाचा ते कळत नाही, बाद. दिलेल्या साधनाखेरीज दुसऱ्या कशाने खूण केली, म्हणजे शिक्क्याऐवजी पेनाने फुली मारली, तरी बाद. मिनेसोटात मोजले गेले असते असे मत इथे फेकले जाते. हा कडकपणा उगाच नाही. सगळ्यांचा शिक्का एकच असला की हस्ताक्षर राहत नाही, आणि हस्ताक्षर नसले की मत विकणाऱ्याला ‘हे बघा, माझेच’ असे दाखवता येत नाही. अक्षर न येणाऱ्या मतदारालाही तो सोयीचा. पण त्याच नियमाला एक उदार शेपूट आहे: शिक्का पुसट उमटला किंवा दोनदा मारला, एवढ्यावरून मत बाद करायचे नाही, कागदावरून रोख स्पष्ट दिसला की पुरे. घडी घालताना ओली शाई समोरच्या खणावर उमटायची. बाणफुलीच्या शिक्क्याचा उपयोग इथे व्हायचा. तो आरशात उलटा दिसतो, त्यामुळे खरा ठसा कोणता आणि घडीचा कोणता हे मोजणीच्या टेबलावर कळायचे. एक निकष कायद्यात न लिहिता रबरात कोरून ठेवला होता म्हणायचा.

आणखी एक तरतूद मला फार शहाणी वाटते. मतपत्रिकेच्या मागे केंद्राध्यक्षाची सही वा शिक्का नसेल तर ती बाद, पण चूक अधिकाऱ्याचीच आहे अशी निर्णय अधिकाऱ्याची खात्री पटली तर निव्वळ तेवढ्यावरून बाद करू नये. बाद करण्याआधी प्रतिनिधींना ती बघू द्यायची, हात लावू द्यायचा नाही, आणि बाद केल्यावर कारण थोडक्यात लिहून आद्याक्षरी करायची. निर्णय कुणी, कशासाठी घेतला हे कागदावरच राहते.

पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत अजूनही कागद आहे आणि शिक्क्याऐवजी पसंतीक्रम लिहायचा असतो. १ हा आकडा आंतरराष्ट्रीय, रोमन किंवा देवनागरीसह कोणत्याही भारतीय भाषेतल्या अंकात लिहिलेला चालतो. ‘एक’ असे अक्षरात लिहिले तर मात्र चालत नाही. मतदार सगळे पदवीधर, तरी दर खेपेला हजारो मते बाद होतात. शिकलेल्यांना सूचना वाचायची सवय नसते, याचा एवढा भरभक्कम पुरावा दुसरा नसेल.

यंत्रावरच्या मतदानात अवैध मत उरले नाही, म्हणून वाद संपले असे वाटत होते. ते टपाली मतांमध्ये जाऊन बसले. जून २०२४मध्ये मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघात रवींद्र वायकर यांनी अमोल कीर्तिकर यांच्यावर ४८ मतांनी मात केली आणि अवैध ठरवलेल्या १११ टपाली मतांची फेरपडताळणी करावी लागली. टपाली मताचे प्रश्न खुणेचे कमी आणि जोडपत्राचे जास्त असतात: प्रतिज्ञापत्रावर सही आहे का, ती साक्षांकित आहे का, पाकिटावरचा क्रमांक जुळतो का. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि तिथे याचिका फेटाळली गेली. फेरमोजणीबाबत आपली न्यायालये एकंदर हात आखडताच घेतात. मतपेट्या पुन्हा उघडणे म्हणजे मताच्या गुप्ततेला हात घालणे, तेव्हा नुसता संशय पुरत नाही, नेमके काय चुकले ते मांडा, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९६४पासून घेतलेली आहे.

तिला लखलखीत अपवाद ठरला तो चंडीगडच्या महापौरपदाचा. ३० जानेवारी २०२४ रोजी ३६ मते पडली. पीठासीन अधिकारी अनिल मसीह यांनी आठ बाद ठरवली आणि १६ विरुद्ध १२ असा निकाल दिला. कॅमेरा चालू होता, आणि त्यात ते मतपत्रिकांवर काहीतरी करताना दिसले. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने मतपत्रिका दिल्लीला मागवून घेतल्या आणि २० फेब्रुवारीला भर न्यायालयात त्या आठ पाहिल्या. आठही मते पराभूत ठरवलेल्या कुलदीप कुमार यांना होती. खालच्या बाजूला शाईची जी रेघ होती ती अधिकाऱ्याने ओढलेली. ओळख पटवणाऱ्या खुणेचा नियम मतदाराने केलेल्या खुणेसाठी आहे, मोजणाऱ्याने केलेल्या नव्हे, हे इतके उघड आहे की ते कुठे लिहावे लागेल असे नियम करणाऱ्यांना सुचले नसावे. न्यायालयाने फेरनिवडणूक न घेता १२ आणि ८ मिळवून २० केले आणि कुलदीप कुमार यांना महापौर जाहीर केले.

आता पुन्हा फ्लोरिडा, कारण तिथला सर्वांत मजेशीर भाग नंतर घडला. निकाल लागून गेल्यावर वृत्तपत्रांनी हिशेबतपासनिसांना हाताशी धरून यंत्राने रिकामी ठरवलेली ६० हजारांवर कार्डे पाहिली. ‘मायामी हेरल्ड’ आणि ‘यूएसए टुडे’ यांनी एप्रिल २००१मध्ये छापलेले आकडे असे. गोर यांचे वकील मागत होते तो सर्वांत सैल निकष, प्रत्येक खळगा मोजा, तो लावला तर बुश १,६६५ मतांनी पुढे. दोन कोपरे सुटलेच पाहिजेत असे धरले तर बुश ३६३ने. आणि बुश यांच्या बाजूला हवा होता तो सर्वांत कडक निकष, स्वच्छ भोक असेल तरच मत, तो लावला तर गोर तीन मतांनी विजयी. दोन्ही पक्ष पाच आठवडे, देशातले सर्वांत महाग वकील लावून, आपल्याच पराभवाचा निकष मागत होते! त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शिकागो विद्यापीठातल्या एका संशोधन संस्थेने पावणेदोन लाख नाकारलेली कार्डे तपासून आणखी एक गाठ सोडवली: गोर यांनी मागितलेल्या चार काउंट्या पूर्ण मोजल्या असत्या तरी बुशच जिंकले असते, पण एकाहून अधिक खुणा असलेल्या कार्डांसह सबंध राज्य मोजले असते तर गोर ६० ते १७१ मतांनी. तशी मोजणी मात्र कुणीच मागितली नव्हती.

२००२च्या केंद्रीय कायद्याने पंचकार्डे निकालात निघाली आणि प्रत्येक राज्याला, प्रत्येक प्रकारच्या मतयंत्रासाठी, मत म्हणजे काय याची एकसारखी व्याख्या आधीच लिहून ठेवणे भाग पडले. फ्लोरिडाने तर चित्रेच छापली: भरलेले वर्तुळ, फुली, बरोबरची खूण, नावाभोवती काढलेला गोल, हे मत, हे नाही. २०१८मध्ये रिक स्कॉट आणि बिल नेल्सन यांच्या सिनेट निवडणुकीत त्या चित्रांची परीक्षा झाली. हाताने मोजणी झाली, स्कॉट सुमारे दहा हजारांनी जिंकले, आणि खुणेवरून फारसे भांडण झालेच नाही. भांडण झाले टपाली पाकिटावरच्या सह्या जुळतात का यावर, आणि ब्रॉवर्डवर. तिथे हजारो मतदारांनी सिनेटचा रकाना कोरा सोडला होता. यंत्रच बिघडले असणार, हाताने पाहिल्यावर खुणा सापडतील, अशी नेल्सन यांच्या बाजूची आशा होती. रकाने खरोखरच कोरे निघाले. सिनेटची लढत पहिल्या रकान्याच्या तळाशी, तीन भाषांतल्या लांबलचक सूचनांच्या खाली छापली होती, आणि सूचनांखाली उमेदवारांची नावे टाकू नका असे केंद्रीय निवडणूक साहाय्य आयोगाने आधीच सांगून ठेवलेले होते.